पांढऱ्या गोलाबाहेर

आमच्या विभागात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ब्रश मिळायचा. पदकं वगैरे विद्यापीठाच्या समारंभात, ती वेगळी. आमचा मान म्हणजे रंगाचा ब्रश, ज्याच्या दांड्यावर आधीच्या बॅचेसचा वाळलेला पांढरा रंग बसलेला असे. हिवाळ्यातल्या फील्ड कॅम्पला आम्ही महूच्या पुढे, घाट सुरू होण्याआधीच्या टेकड्यांवर जायचो. तिथे सर सगळ्यांची मापं घेऊन झाली की पिशवीतून तो ब्रश काढायचे, ऑइल पेंटच्या डब्यासकट पहिल्या नंबराच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "चलो, गोल ताज़ा करो." बाकीची बॅच टाळ्या वाजवायची आणि तो मानकरी उकिडवा बसून काळ्या खडकावरचे फिकट झालेले गोल पुन्हा रंगवायचा.

हे गोल कसले, ते आधी सांगते. इंदूरच्या भोवतीचं आमचं सगळं पठार म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक घातलेल्या गोधड्यांसारखे. कुठे कुठे खालून आलेल्या लाव्हाने या थरांना उभं चिरलं आणि तो त्या भेगेतच थिजला. अशी जमिनीत उभी असलेली काळ्या दगडाची भिंत म्हणजे डाइक. ती कुठल्या दिशेला धावते यावरून त्या काळी जमीन कशी फाटली ते कळतं, म्हणून आमच्या धंद्यात तिची दिशा फार महत्त्वाची. आमच्या सरांनी तरुणपणी त्या टेकड्यांचा नकाशा केला होता. तीन टेकड्यांच्या माथ्यावर डाइक उघडा पडलेला दिसतो, आणि तिन्ही ठिकाणी दिशा वेगळी, म्हणून नकाशात तीन स्वतंत्र डाइक. तो नकाशा छापून आला, त्यावरून सरांचं नाव झालं, आणि त्याची मोठी प्रत विभागाच्या जिन्यासमोर काचेत लागली. ज्या ज्या जागी सरांनी कंपास टेकवला होता तिथे त्यांनी पांढरे गोल काढून ठेवले, म्हणजे पुढच्या पोरांना सराव करता यावा.

सरांचा एक नियम होता. कंपास खडकाला टेकवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. लांब उभं राहून नजरेने दिशा घेणं त्यांना बिलकुल खपायचं नाही. "हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," असं ते मराठी पोरांना म्हणायचे, आणि बाकीच्यांना त्याचा हिंदी अनुवाद करून सांगताना स्वतःच हसायचे. त्यांची पीएचडी वालुकाश्माच्या मुलुखातली. तिथे हा नियम सोळा आणे खरा. दर वर्षी प्रत्येक बॅच गोलात कंपास ठेवायची, आणि दर वर्षी सरांचेच आकडे यायचे. "इतक्या बॅचेस झाल्या, फरक पडला नाही," हे वाक्य ते नकाशासमोर उभं राहून पाहुण्यांना ऐकवायचे. मीही ते ऐकून माना डोलावल्या आहेत.

माझ्या वर्षी पहिली मी आले. महूची मुलगी, बसने रोज इंदूर गाठणारी. आजोबा पलटणीत सुभेदार होते, बाबा वीज कार्यालयात, आई शाळेत. आमच्या घरात हट्ट सगळ्यांकडे आहे, फक्त प्रत्येकाला तो दुसऱ्यातच दिसतो. कॅम्पच्या दिवशी सरांची गाडी मागे राहिली होती, आणि मला ब्रशची इतकी घाई झाली होती की आमच्या बसमधून आलेली त्यांची पिशवी मी आपणच उघडली. मापं आधी, रंग मग, हा क्रम मला पाठ होता. पण मधल्या टेकडीवरचा गोल मी सर पोहोचायच्या आतच चकचकीत रंगवून मोकळी झाले. मग लक्षात आलं की माप घ्यायचं राहिलंय आणि रंग ओला आहे. विभागाच्या कंपासला पेंट लागला असता तर सरांनी मलाच रंगवलं असतं. म्हणून मी कंपास गोलाच्या बाहेर, वीतभर बाजूला ठेवला.

सुई सरांच्या आकड्यापासून चांगली वीसेक अंश लांब जाऊन थांबली.

मी कंपास उचलला, हातोडा लांब ठेवला, हातातलं कडं काढलं, पुन्हा ठेवला. तेच. आणखी वीतभर सरकवला, तर तिसराच आकडा. खडक तोच, भिंत तीच, आणि दर वितीला दिशा वेगळी. माझा फील्ड पार्टनर शेजारी संत्रं सोलत उभा होता. तो छत्रीबागेतला, घरचा मराठी, पण त्याच्या चार शब्दांमागे एक भिया, म्हणजे इंदुरी भैया, असायचाच, मग समोर मुलगी असो की मुलगा.

"अरे भिया, कंपास खराब आहे तुझा. माझा घे ना," तो म्हणाला.

त्याचाही कंपास तसाच वागला. तेवढ्यात सर वर आले. मी त्यांना आकडे सांगितले.

"हात हलला असेल."

"सर, कंपास खडकावर होता. हात कुठे होता?"

मला अशी उत्तरं तोंडातून निघून गेल्यावर ऐकू येतात. सगळी बॅच एकदम दगडांकडे बघू लागली. सर म्हणाले, "गोल कशासाठी काढलेत, बेटा? गोलातच ठेवायचा." आणि ते तिसऱ्या टेकडीकडे चालू लागले.

ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. परतल्यावर मी आमच्याच अभ्यासक्रमाची पुस्तकं उघडली. कारण अगदी सरळ होतं. आमच्या काळ्या दगडात लोखंडी खनिजाचे बारीक कण असतात, वालुकाश्मात ते जवळजवळ नसतात. टेकडीच्या माथ्यावर वीज पडली की तिथला दगड जागोजागी लोहचुंबक होऊन बसतो. त्यावर कंपास टेकवला की सुई उत्तर सोडून दगडाचं ऐकते. सरांनी हे आम्हाला शिकवलं होतं! दुसऱ्या पेपरात, दुसऱ्या तासाला, फळ्यावर आकृती काढून. फक्त तो फळा ते कधी आपल्या टेकडीवर घेऊन गेले नव्हते. आणि सगळ्या बॅचेसचे आकडे जुळत होते कारण सगळ्यांनी कंपास त्याच गोलात ठेवला होता. एकच चूक आम्ही दर वर्षी ताज्या रंगाने पक्की करत होतो. हे समजल्यावर मला आधी हसू आलं, आणि मग बराच वेळ बसल्या जागेवरून उठवेना.

आता पुढचा प्रश्न. दगडावरची मापं चुकीची असतील, तर खरी दिशा कुठली? मी पुन्हा तिन्ही टेकड्यांवर जाऊन आले, दगडापासून दूर उभं राहून नजरेने दिशा घेतली, आणि ती तिन्हीकडे जवळजवळ सारखी येत होती. म्हणजे डाइक तीन नव्हतेच. एकच डाइक होता, सरळसोट, टेकड्यांमधल्या शेतांखालून आणि झुडपांखालून गेलेला.

शेवटच्या सत्रातला प्रबंध मी यावरच करायचा ठरवला. मार्गदर्शक सरच. मी विषय सांगितला तेव्हा ते खूश झाले, कारण मी फक्त "त्या डाइकचा अभ्यास" असं म्हटलं होतं. मी खडकाच्या चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघेन, असं त्यांना वाटलं असावं. महिन्याभराने मी एक रेघ काढलेला नकाशा त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तीन उघडे खडक एका रेषेत आहेत म्हणून एक डाइक झाला? फूटपट्टी ठेवून डाइक जोडता येत नाही. योगायोग म्हणतात याला."

"सर, मग दिशा—"

"दिशा खडकावर टेकवून घेतली का?"

"खडकावर टेकवली म्हणूनच तर..."

"मधे खडक दाखव. टेकड्यांच्या मधे. तोपर्यंत माझी सही नाही."

सही नाही म्हणजे काय, ते मला नीट माहीत होतं. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. प्रबंध जमा नसेल तर दुसऱ्या शहरातल्या संशोधन संस्थेत मला मुलाखतीत मिळालेली जागा हातची जाणार होती. आणि ती गेली तर बाबांशी झालेला करार लागू होणार होता. करार असा की यंदा संशोधनाचं जमलं नाही तर दगड खाली ठेवायचे आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जायचं. बाबांनी क्लासची चौकशीही करून ठेवली होती. बँकेत वाईट काही नाही, माझी मावशी बँकेत आहे आणि मजेत आहे. पण मला जमीन वाचायची होती. दुसरं काही करावंसं मला वाटत नव्हतं, आणि हे मी रडून नव्हे, दातओठ खाऊन म्हणत होते.

"तू कशाला पंगा घेऊन राहिली?" पार्टनर म्हणाला. आम्ही कँटीनच्या कट्ट्यावर होतो, त्याच्या हातात पोह्यांचा कागद. "सर या वर्षी रिटायर होऊन राहिले. त्यांचा मॅप छाप दे, तीन के तीन, सही घे आणि निकल. मग तिकडे जाऊन एक कर नाहीतर अर्धा कर, कोण बघतंय?"

"आणि मला माहीत असून तीन लिहू?"

"सगळ्यांनी लिहिले ना भिया."

"सगळ्यांना माहीत नव्हतं."

त्याने उरलेले पोहे संपवले. मग कागद चुरगाळून म्हणाला, "रविवारी निघायचं असेल तर माझी गाडी घेऊ. तुझ्या स्कूटीने घाटात जीव द्यायचा नाही मला." याच्या सल्ल्यांवर जाऊ नये, हे मला तेव्हा कळलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. मार्च संपत आला होता. पळस फुलून गळून गेला होता आणि टेकड्या भाजल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही मोबाइलवर रेघ आखायचो आणि त्या रेघेवरून चालायचो, शेतांच्या बांधांवरून, घाणेरीच्या झुडपांतून, लोकांच्या गोठ्यांमागून. कुत्री मागे लागायची. माती, माती आणि माती. मऊ थराचा कुजका, पिवळट दगड मिळायचा, पण तो घट्ट, निळसर काळा डाइकचा दगड काही उघडा सापडेना. सुटे धोंडे मात्र रग्गड. सुटा धोंडा पुरावा होत नाही. तो वरून गडगडत आलेला असतो, किंवा कुणीतरी बांध घालायला आणून टाकलेला असतो. सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं हे, आणि आता तेच आमच्या आड येत होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी रागाने एका धोंड्याला लाथ घातली. पायाचं नख काळं पडलं आणि मला तिथेच रडू आलं. पार्टनरने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "दगडाला मारून काय फायदा, तो सरांचा नाही." त्यावर मी त्याच्यावरही ओरडले. त्याने ते मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही.

पहिल्या आणि मधल्या टेकडीच्या मधे हायवे रुंद करायचं काम चाललं होतं. एका रविवारी आम्ही तिथून जात होतो, तर पोकलेनने डोंगराची कड नुकतीच कापली होती. ताजा, उभा काप. मी पार्टनरच्या पाठीत इतक्या जोरात बुक्की मारली की गाडी पडता पडता वाचली. कापात डावीकडे पिवळट कुजका दगड, उजवीकडे पिवळट कुजका दगड, आणि मधे आमची भिंत. निळी काळी, घट्ट, दोन्ही बाजूंना सरळ कडा असलेली, वरपासून खालपर्यंत उभी. अगदी माझ्या रेघेवर.

मी धावत गेले आणि भिंतीला हात लावला. वरून कामाचा सुपरवायझर ओरडला, "ओ मैडम, ऊपर से पत्थर गिरेगा, मरोगी क्या?" मी त्याला तिथूनच विचारलं की भैया, यह पत्थर अपनी जगह का है ना, कहीं से लाकर भरा तो नहीं? त्याने कपाळाला हात लावला. "पहाड़ है मैडम. पहाड़ कौन लाकर भरेगा?" मला या उत्तराचा इतका आनंद झाला की मी त्याला हात जोडले.

दुसरी जागा नंतरच्या रविवारी मिळाली, मधल्या आणि तिसऱ्या टेकडीच्या मधल्या नाल्यात. पाणी आटलं होतं. तळाशी तोच दगड, नाल्याला आडवा, उंबरठ्यासारखा. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो आणि आमचे कॅम्प हिवाळ्यात, तेव्हा त्यावर शेवाळ आणि गाळ. मी त्याच्यापासून बरीच लांब, मातीवर उभी राहिले, दोन खुंट्या ठोकल्या, त्यांच्यामधून नजर लावून दिशा घेतली. जुळली. पार्टनरने घेतली, जुळली. आम्ही नाल्यात बसून डबा खाल्ला. जगातलं सगळ्यात चविष्ट पोळी-लोणचं मी त्या दिवशी खाल्लंय.

दोन्हीकडचे नमुने मी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांनी भिंगातून बघितले, मग खाली ठेवले.

"हे सुटे दगड नाहीत कशावरून?"

"चला, दाखवते."

सरांना "चला" म्हणणारी मी पहिलीच असेन. ते गुडघ्याने बेजार होते, त्या वर्षी कॅम्पला टेकड्या चढले होते, पण उतरताना दोघांचा आधार घ्यावा लागला होता. मला वाटलं, आता खोलीतून बाहेर काढतील. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि विचारलं, "रविवारी सकाळी लवकर निघता तुम्ही?"

ते स्वतःच्या गाडीने आले, डोक्याला रुमाल बांधून. हायवेच्या कापात त्यांनी दोन्ही कडा हाताने चाचपल्या. नाल्यात उतरायला त्यांना त्रास झाला, पण पार्टनरचा हात त्यांनी नको म्हटला. मग ते म्हणाले, "मधल्या टेकडीवर चला." आम्ही सावकाश चढलो, ते मधे मधे थांबत होते आणि थांबल्याचं कारण म्हणून आम्हाला आजूबाजूचे थर दाखवत होते. वर मी रंगवलेला गोल तसाच पांढराशुभ्र होता. मी कंपास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गोलात ठेवला. त्यांचा आकडा आला, इतक्या वर्षांचा, इतक्या बॅचेसचा.

"सर, आता हळूहळू वर उचला. फिरवू नका, नुसता वर."

त्यांनी उचलला. सुई वळायला लागली. कमरेपर्यंत येईतो ती माझ्या आकड्याजवळ पोहोचली होती. त्यांनी कंपास खाली नेला, सुई परत फिरली. वर आणला, पुन्हा वळली. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. मग ते एकटेच उतारावर खाली गेले, खडकापासून पार लांब, मातीत उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कंपास डोळ्यांपाशी धरून त्यांनी डाइकवर नजर लावली. तीच ती उंटावरची पद्धत. बराच वेळ ते तसेच उभे होते, पाठमोरे.

परत आले तेव्हा फक्त म्हणाले, "ऊन वाढलं. निघू."

महूपर्यंत आम्ही त्यांच्या गाडीमागून गेलो. तिथे त्यांनी चहा पाजला, पार्टनरला त्याच्या गाडीचं टायर बदलायला सांगितलं, आणि डाइकबद्दल चकार शब्द काढला नाही. मला त्यांचा राग आला. थोड्या वेळाने दया आली, आणि मग त्या दयेचाच राग आला, कारण हा माणूस दया करावी असा नव्हता. मला जे काही येत होतं ते यांनीच शिकवलं होतं. माणसाचं उभं आयुष्य ज्या एका नकाशावर टेकलेलं आहे, तो मी काढून घेत होते. आणि तरी मला तीन लिहायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यांचं काय करावं ते मला समजत नव्हतं.

सोमवारी त्यांनी बोलावून सांगितलं, "सेमिनारला मांड. बाहेरच्या मॅडम परीक्षक आहेत. मी मधे बोलणार नाही. मी बोललो तर म्हणतील, सरांनी पोरीला पास केलं. सहीचं त्यानंतर बघू." प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस सेमिनारचाच होता.

त्या सकाळी बाबा कामावर जायचे थांबले होते. "हे बघ," ते म्हणाले, "काम तू चांगलं केलंस, मानलं. पण मोठ्या माणसाला चारचौघात तोंडावर चूक म्हणायचं नसतं. थोडं सॉफ्ट बोल. जरा इकडेतिकडे करून सांग."

"दर रविवारी विहारातून आल्यावर तुम्हीच सांगता ना, कुणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नये, स्वतः तपासून बघावं?"

"ते बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "पण बेटा, सही त्यांना करायची आहे."

आई माझ्या ओढणीवर इस्त्री फिरवत होती. "जे बघितलंस ते सांग," ती म्हणाली. "आणि आवाज मोठा ठेव. मागच्या बाकावर तुझं ऐकू जात नाही." आईला सल्लेही शिक्षिकेचेच सुचतात.

हॉल भरला होता. ज्युनियर मुलं भिंतींना टेकून उभी होती, कारण बातमी फुटली होती. इंदुरात बातमी फुटायला फार वेळ लागत नाही. सर पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी, हात बांधून. मी मांडणी केली. दगडातले लोखंडी कण, विजेचा परिणाम, खडकावर टेकवून घेतलेली मापं आणि लांबून घेतलेली मापं, हायवेचा काप, नाला. शेवटी पडद्यावर माझी रेघ, एकच. आवाज मोठा ठेवला. सगळं नीट चाललं होतं.

मग मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इसी इलाके का छपा हुआ मॅप तीन डाइक दिखाता है. तुम एक कह रही हो. तो वह मॅप?"

त्या नकाशाचा धनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेला होता, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. मला आजोबांची पलटण आठवली, बाबांचं सॉफ्ट आठवलं, संशोधन संस्थेतली जागा आठवली. इतके रविवार उन्हात न डगमगलेली मी त्या थंडगार हॉलमध्ये डगमगले.

"मॅडम, पहले वाले मॅप में... शायद... थोड़ा-सा एरर रहा होगा."

"शायद?"

हे मॅडम म्हणाल्या नव्हत्या. सर उभे राहिले होते. हॉलमध्ये ते कधी मराठीत बोलायचे नाहीत, हिंदी नाहीतर इंग्रजी. ते मराठीत बोलले, आणि आवाज तोच, खडकाला टेकवल्याशिवाय लिहायचं नाही म्हणणारा.

"कदाचित कशाला? टेकडीवर मला कदाचित म्हणाली नव्हतीस. आणि थोडा म्हणजे किती? जे मोजलंस ते सांग."

कुणीतरी खोकलं. माझे पाय एकदम स्थिर झाले, ते कसे ते मला अजून सांगता येणार नाही.

"सर, तुमचा नकाशा चुकला आहे," मी म्हणाले. मागच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "डाइक तीन नाहीत. एकच आहे."

मराठी न येणाऱ्या पोरांनाही ते कळलं.

सरांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि हात पुढे केला. पार्टनरने माझ्या बॅगेतून प्रबंध काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पहिल्या रांगेच्या बाकावर ठेवून, उभ्यानेच वाकून सही केली. मग माझ्या हातात दिला आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "अब जो पूछना है, इसी से पूछिए. मैं तो गलत हूँ."